तिसऱ्या बेअरिंगचा आवाज

१

सिस्टरची गाडी पुलाच्या ऐन मध्यावर जाम झाली. नुसती बंद पडलेली गाडी निदान चार हात घरंगळते, कडेला घेता येते. ही तशी नव्हती. इंजिन आतून आवळलं गेलं, पुढची चाकं जागच्या जागी थांबली आणि मागून येणाऱ्या सिमेंटच्या ट्रकला ब्रेक लावायला जागाच उरली नाही. सकाळचे सव्वासात वाजले होते. सिस्टर दवाखान्यात पहिल्या पाळीला निघाल्या होत्या. एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या उशाशी बसून काढली आणि स्वतः गेल्या त्या रस्त्यावर, एकट्या.

तिसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मास्तर पोलिसांच्या बोलावण्यावरून त्या गाडीसमोर उभे राहिले. वय एकाहत्तर. इंजिनच्या कारखान्यात चाळीस वर्षं चाचणीच्या खोलीत नोकरी आणि गावभर नाव ‘कानमास्तर’. लांब पात्याच्या लाकडी मुठीच्या स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आतलं दुखणं सांगायचं, ही त्यांची विद्या. नुसत्या कानावर त्यांनी इंजिनं पास केली होती, नापास केली होती आणि त्यांच्या निकालावर कुणी अपील केलेलं कुणाला आठवत नव्हतं. त्यांना स्वतःला तर मुळीच नाही.

तपास एका अधिकारी बाईंकडे होता. त्यांनी फाइल उघडून थोडक्यात सांगितलं. गाडी बावीस वर्षांची. अपघाताच्या सहा दिवस आधी मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग झालं. गाडीच्या पुस्तकात पातळ ऑइल घालायला सांगितलंय, पाच-तीस. मिस्त्रीने घातलं जाड, वीस-पन्नास. त्याच्याच बिलावर तसं लिहिलेलं आहे. शनिवारी दुपारपर्यंत मास्तरांचा अहवाल आला की मिस्त्रीवर मृत्यूला कारणीभूत हलगर्जीचा गुन्हा दाखल होणार. चार-पाच वर्षं तरी आत जाईल, असं त्या सहज म्हणाल्या.

मास्तरांनी गाडीच्या चेपलेल्या छपरावर हात ठेवला.

“ही गाडी मी ऐकली आहे. महिन्याभरापूर्वी सिस्टर स्वतः घेऊन आल्या होत्या माझ्या दारात.”

“आणि?”

“ठणठणीत होती.”

बाईंनी ते लगेच लिहून घेतलं. म्हणजे जे बिघडलं ते त्या महिन्याभरात बिघडलं, आणि त्या महिन्यात गाडीला हात लावणारा माणूस एकच. तो माणूस मास्तरांच्या हाताखाली अकरा वर्षं शिकला होता, हे मात्र फाइलमध्ये नव्हतं.

२

इंजिन खाली उतरवून मास्तरांनी ऑइलचा चेंबर सोडला. ऑइल काकवीसारखं संथ खाली आलं. मापून पाहिलं, पुरेपूर होतं. म्हणजे गळती नाही, कमतरता नाही. मग एकेक रॉड सोडवला. पिस्टनचा रॉड आणि तो फिरवतो ती क्रँक, यांच्यामध्ये बेअरिंग असतं, दोन अर्धगोल पत्रे. वर राखाडी रंगाचा मऊ थर, त्याखाली तांबं, त्याखाली पोलाद. तिसऱ्या रॉडचं बेअरिंग फिरून वितळलं होतं आणि तिथली क्रँक जळून निळी पडली होती. खून तिथे झाला होता.

पण मास्तरांची नजर अडकली ती शेजारच्या दोन बेअरिंगांवर. ती शाबूत होती, फक्त त्यांचा राखाडी थर मधोमध झिजून तांबं उघडं पडलं होतं आणि त्या तांब्याची कड गुळगुळीत होती, जुन्या पायऱ्यांची होते तशी. हे त्यांना जरा खटकलं. सहा दिवसांत काही पायऱ्या झिजत नाहीत. त्यांनी दोन्ही बेअरिंगं रुमालात बांधून खिशात ठेवली आणि मिस्त्रीकडे गेले.

गाडी ते स्वतः चालवत. शेजारी सूनबाई बसायची. अहवाल टाइप करायचं काम तिच्याकडे होतं. गॅरेजच्या वळणानंतर बऱ्याच अंतराने तिने काही न बोलता हात लांब करून इंडिकेटर बंद केला. मास्तरांना ते आवडलं नाही.

गॅरेजला सील होतं. मिस्त्री बाहेर एका टायरवर बसला होता. पंचेचाळिशीचा माणूस, पण तीन दिवसांत साठीचा दिसायला लागला होता. मास्तरांना पाहून तो उठला.

मास्तरांनी आडपडदा न ठेवता विचारलं. ऑइल कुणी निवडलं? मी, मिस्त्री म्हणाला. पुस्तक पाहिलं होतंस? पाहिलं होतं.

“मग जाड का घातलंस?”

“जुनी गाडी म्हणून.”

“बावीस वर्षं तिला पातळच चालत होतं. आणि जुन्या गाडीला डोळे मिटून जाड ऑइल घालायचं, हे तुला कुणी शिकवलं? मी तर नाही.”

मिस्त्री परत टायरवर बसला. मास्तरांनी तोच प्रश्न तीनदा विचारला. चौथ्यांदा मिस्त्री एवढंच म्हणाला की अहवालात जे लिहायचं असेल ते लिहा, माझी तक्रार नाही. निरपराध माणूस असं बोलत नाही, हे कुणालाही पटेल. मास्तरांनाही पटलं. या माणसाला त्यांनी पाना कसा धरायचा हेसुद्धा शिकवलं होतं.

३

ऑइलच भेसळीचं निघालं असतं तर मास्तरांना हवंच होतं. म्हणून ते ऑइलच्या दुकानात गेले.

दुकानदार आधीच घाबरलेला. त्याने पिंप उघडं केलं, खरेदीचे कागद पुढे टाकले. त्याच पिंपातलं वीस-पन्नास त्या आठवड्यात चौदा गाड्यांत गेलं होतं आणि चौदाही गाड्या धावत होत्या. मास्तरांनी टिपकागदावर थेंब सोडला. थेंब एकसारखा पसरला, कडेला पाण्याचं कडं नाही, मध्ये कचरा नाही. ऑइल चोख होतं. एक संशयित कमी झाला आणि मिस्त्रीच्या गळ्याभोवतीचा फास आणखी आवळला.

निघताना दुकानदाराला एक आठवलं. त्या दिवशी मिस्त्रीने पातळ ऑइलचा डबा उचलला, परत ठेवला, पुन्हा उचलला. पाचएक मिनिटं मांडणीसमोर नुसता उभा होता. इतक्या वर्षांत मिस्त्रीला ऑइल निवडायला पाच सेकंदांहून जास्त लागलेले त्याने पाहिले नव्हते. शेवटी जाड घेतलं आणि पावती न घेताच गेला. पावती नंतर दुकानदारानेच पाठवली.

घाईत झालेली चूक नव्हती तर. मिस्त्रीने विचार करून, नको असताना, जाड ऑइल घेतलं होतं.

तिथून ते सिस्टरच्या नवऱ्याकडे गेले. ते घड्याळं दुरुस्त करत. राहत्या घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. एका भिंतीवर सतरा घड्याळं होती, सगळी चालू. लंबक हलत होते, सेकंदकाटे पुढे सरकत होते. खोलीत मात्र अगदी सुन्न शांतता होती आणि त्या शांततेत घड्याळवाले डोळ्याला भिंग लावून एका उघड्या घड्याळात काहीही न करता पाहत बसले होते.

“बोर्डवर ऑइलचा दिवा लागला होता का कधी? त्या काही म्हणाल्या होत्या?”

नाही, घड्याळवाले म्हणाले. गाडीतलं त्यांना काही कळत नव्हतं, ते गाडीला हातही लावत नसत. गाडी पूर्णपणे तिची. पेशंटचा तक्ता ठेवावा तशी ती गाडीची वही ठेवायची, किती किलोमीटर, काय दुखलंखुपलं. ती वही पोलिसांनी परत दिली आहे, पण उघडायचं धाडस झालेलं नाही.

“तुम्ही ठणठणीत म्हणालात, मास्तर. आणि महिन्यात त्याने तिची ही गत केली. त्याला सोडू नका.”

मास्तरांनी मान हलवली. सोडणार नव्हतेच.

४

शुक्रवारी सकाळी बाईंच्या परवानगीने गॅरेजचं सील निघालं. आत मागच्या भिंतीवर एक तार ताणलेली होती आणि तारेला जुने ऑइल फिल्टर ओळीने टांगलेले होते. प्रत्येकाला चिठ्ठी, तिच्यावर गाडीचा नंबर आणि तारीख. शहरातल्या दुसऱ्या कुठल्याही गॅरेजमध्ये जुना फिल्टर कचऱ्यात जातो. इथे तो पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत टांगून ठेवायचा, म्हणजे मध्ये काही घडलं तर तो कापून मागचा इतिहास वाचता येतो. ही शिस्त मास्तरांची होती. मिस्त्रीने ती वीस वर्षं पाळली होती.

सिस्टरच्या गाडीचा फिल्टर शेवटून चौथा होता. तो गाडीतून निघाला होता अपघाताच्या सहा दिवस आधी आणि त्याआधी सात महिने गाडीत होता. मास्तरांनी करवतीने डबा कापला, आतला घड्यांचा कागद काढून टेबलावर उलगडला.

वरचा थर काळा. नखाने तो खरवडला तशी खाली चकाकी दिसली, बारीक, लालसर. चुंबक फिरवला. एक कणही चिकटला नाही. लोखंड नव्हतं, तांबं होतं. वरच्या थरात होतं, मधल्या थरात होतं आणि अगदी तळाशी, घड्यांच्या खोबणीत, पाच-सहा महिन्यांच्या काजळीखाली गाडलेलं होतं.

मास्तर खुर्चीवर बसले. खिशातला रुमाल सोडून त्यांनी ती दोन गुळगुळीत बेअरिंगं कागदाशेजारी ठेवली. दोघांची साक्ष एकच होती. हे इंजिन सहा दिवसांत मेलं नव्हतं, महिन्यात मेलं नव्हतं. सहा महिने ते आतून खंगत होतं. जाड ऑइलने मारलं नव्हतं. उलट झिजलेल्या फटीत ते चार दिवस उशीसारखं बसलं असेल, तेवढाच आधार.

पण मग मास्तरांनी ऐकलं तेव्हाही बेअरिंग झिजलेलं असायला हवं. झिजलेलं असेल तर ते वाजायला हवं, आणि वाजत असेल तर ते मास्तरांच्या कानातून सुटणं शक्यच नव्हतं. ते स्वतःशीच जोरजोरात मान हलवू लागले. फिल्टर बदलला असेल. चिठ्ठी खोटी असेल. त्यांनी चिठ्ठी भिंगाखाली धरली. अक्षर मिस्त्रीचंच, तेलात मुरलेलं, चिठ्ठीची गाठ तेलाने घट्ट बसलेली. नंबर बरोबर, तारीख बरोबर.

परतताना ते नेहमीपेक्षा जोरात गाडी चालवत होते. सूनबाईने पुन्हा हात लांब करून इंडिकेटर बंद केला. या वेळी मात्र मास्तर उखडले. गाडी कोण चालवतंय, असं त्यांनी विचारलं.

“बाबा, तीन किलोमीटर तो चालूच होता,” ती शांतपणे म्हणाली. “रोज राहतो. एवढा टिकटिक वाजतो, तुम्हाला ऐकू येत नाही का?”

मास्तरांनी गाडी कडेला घेतली. इंडिकेटर पुन्हा लावला. बोर्डवर हिरवा बाण लुकलुकत होता. त्यांनी इंजिन बंद केलं, चावी अर्धीच ठेवली, काच वर केली, डोळे मिटले.

“आता वाजतोय?”

“वाजतोय.”

त्यांनी चावी काढून सूनबाईच्या हातात ठेवली. मग त्यांनी सूनबाईला विचारलं, ती घड्याळवाल्यांकडे गाडी नेईल का.

५

घड्याळवाल्यांनी वही काढून दिली, पण स्वतः वाचायला नको म्हणाले. मग मास्तर म्हणाले की मलाही ती मोठ्याने वाचलेली हवी आहे, आणि सूनबाईने वाचायला घेतली.

सिस्टरचं अक्षर तक्त्यासारखं होतं. तारीख, किलोमीटर, ऑइलची पातळी, शेरा. साडेपाच महिन्यांपूर्वीचा शेरा होता, ‘पाय सोडला की बारीक टिकटिक. लगेच थांबते.’ दोन आठवड्यांनी, ‘टिकटिक रोज. चढावर जास्त.’ पुढे, ‘थंड असताना नाही, गरम झाल्यावर आहे.’ दर आठवड्याला टिकटिक होती. एखाद्या अनुभवी नर्सने तापाच्या चढउताराची नोंद घ्यावी इतकी नेमकी नोंद होती. मास्तरांच्या चाचणीच्या खोलीतल्या कुठल्याही शिकाऊ माणसाला एवढं कधी जमलं नव्हतं.

मग महिन्यापूर्वीची तारीख आली. सूनबाई थांबली.

“वाच,” मास्तर म्हणाले.

“‘मास्तरांना दाखवली. स्क्रू-ड्रायव्हर लावून ऐकलं. म्हणाले, ठणठणीत आहे, मनातून काढून टाका. आवाज माझ्याच डोक्यात असणार. वय झालं.’”

त्यापुढे शेऱ्याची ओळ रिकामी होती. किलोमीटर होते, ऑइलची पातळी होती. टिकटिक नव्हती.

मास्तर उठले आणि त्यांनी भिंतीवरच्या घड्याळांकडे पाहिलं. सतरा लंबक हलत होते.

“ही सगळी वाजतात?”

घड्याळवाल्यांना प्रश्न कळला नाही. “वाजतात म्हणजे? गिऱ्हाइकं म्हणतात, इथे बसलं की डोकं उठतं.”

मास्तरांनी टेबलावरचं एक गजराचं घड्याळ उचललं. डोळ्यासमोर धरलं. सेकंदकाटा टुणटुण पुढे जात होता. मग उजव्या कानाला लावलं, स्क्रू-ड्रायव्हर लावायचे त्या कानाला. गालाच्या हाडावर काहीतरी किंचित हललं. तेवढंच. महिन्यापूर्वीही तेवढंच जाणवलं होतं, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने बाकीचं त्यांनी स्वतःच भरून काढलं होतं. त्यांनी घड्याळ डाव्या कानाला लावलं. मग पुन्हा उजव्या.

घड्याळवाले त्यांच्याकडे पाहत होते. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. आयुष्यभर बारीक आवाजांवर पोट भरलेला माणूस तो, त्याला समजावून सांगायची गरज पडली नाही. त्यांनी मास्तरांच्या हातातून घड्याळ काढून घेतलं आणि जागेवर ठेवलं.

६

शनिवारी दुपारी बाईंच्या खोलीत चौघे होते. बाई, घड्याळवाले, मिस्त्री आणि मास्तर. सूनबाई दाराशी बसली होती. मास्तरांनी अहवाल टाइप केला नव्हता, स्वतःच्या हाताने लिहिला होता.

त्यांनी टेबलावर बेअरिंगं मांडली, फिल्टरचा कागद उलगडला, वही शेजारी ठेवली आणि क्रमाने सांगितलं. ऑइल चोख होतं, पुरेसं होतं. तांबं महिन्यांपूर्वीपासून उतरत होतं. आवाज साडेपाच महिन्यांपूर्वीपासून होता. गाडी मरणाच्या वाटेवर आहे हे सिस्टरना कळलं होतं, म्हणून त्या दाखवायला आल्या होत्या.

“राहिला प्रश्न जाड ऑइलचा. याने पातळ ऑइलचा डबा दोनदा उचलला आणि परत ठेवला. झिजलेल्या बेअरिंगचा आवाज दबावा, झीज थोडी आवरावी, यासाठीच कुणी असं करतो. म्हणजे त्याला आवाज ऐकू आला होता.” मास्तर मिस्त्रीकडे वळले. “आला होता ना?”

मिस्त्रीने मान हलवली.

“आवाज आला की ऑइल नंतर, आधी चेंबर खोलायचा. मी तुला हेच पहिलं शिकवलं होतं. तू नाही खोललास. आणि का नाही, ते इतके दिवस कुणाला सांगितलं नाहीस. सांग आता.”

मिस्त्रीने एकदा घड्याळवाल्यांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“मी सिस्टरना म्हणालो, इंजिन खोलावं लागेल, दोन दिवस गाडी ठेवा. त्या हसल्या. म्हणाल्या, कानमास्तरांनी ऐकलंय, ठणठणीत आहे म्हणाले. मी परत ऐकलं. मला येत होता आवाज. पण तुम्ही ऐकलं होतं, मास्तर. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय.”

“आणि हे आधी का नाही बोललास? तुरुंगात जायला निघाला होतास.”

“काय बोलणार होतो? तुमचे कान गेले म्हणून?”

बाईंनी अहवालाचं शेवटचं पान वाचलं. तिथे लिहिलं होतं की गाडीची तपासणी करणाऱ्या इसमास बारीक आवाज ऐकू येत नाहीत, त्याने ते स्वतःशीही कबूल केलेलं नव्हतं आणि त्याने दिलेला निर्वाळा खोटा होता. आवाज ऐकूनही इंजिन न खोलणं ही मिस्त्रीची चूक आहे, पण ती त्याने त्या निर्वाळ्यावर विसंबून केली. खाली मास्तरांची सही होती. निर्वाळा देणाऱ्या इसमाच्या नावापुढेही त्यांचंच नाव होतं.

“तुमच्यावर काय कारवाई होईल मला सांगता येत नाही,” बाई म्हणाल्या.

“ते तुम्ही बघा. त्याला घरी जाऊ द्या.”

मास्तरांनी पिशवीतून लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि बेअरिंगांशेजारी ठेवला. हाही पुराव्यात लावा, म्हणाले. मिस्त्रीने तोंड फिरवलं. अकरा वर्षांत त्या मुठीला हात लावायची त्याची एकदाही हिंमत झाली नव्हती.

घड्याळवाल्यांनी टेबलावरची वही उचलली, तिच्यावरचा तांब्याचा चुरा हाताने पुसला आणि ते दाराकडे निघाले. मास्तर त्यांची माफी मागायला उठले. उंबऱ्यापाशी घड्याळवाले थांबले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही आणि आवाजही चढवला नाही.

“तुमच्याकडून आली त्या दिवशी ती फार खुशीत होती,” ते म्हणाले. “रात्री जेवताना गुणगुणत होती.”

हे मास्तरांना अगदी स्वच्छ ऐकू आलं.